साडेपाच वर्षांची सोबत

नीटची तयारी करणाऱ्या मुलामागे किती माणसे उभी असतात, हे ठाण्यात राहणाऱ्या पालकांना वेगळे सांगावे लागत नाही. विषयागणिक वेगळे सर असतात, दर रविवारी टेस्ट असते, शंका विचारायला वेगळी वेळ असते आणि गुण घसरले की घरी फोन येतो. त्यातून तावून सुलाखून निघालेले मूल एमबीबीएसला लागते, आणि नेमकी तेव्हापासूनच ही सगळी माणसे बाजूला होतात. पुढची साडेचार वर्षे अभ्यासक्रमाची आणि एक वर्ष इंटर्नशिपचे, अशा साडेपाच वर्षांत त्याला शिकवणारे कितीतरी भेटतात. पण त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सलग पाहणारा एकही डॉक्टर बहुधा नसतो. नवी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी मेडिसिन हा विषय शिकवते, आणि आपल्या वैद्यकीय शिक्षणातली सर्वांत मोठी उणीव कोणती असे कोणी विचारले, तर मी हीच सांगेन.

कागदोपत्री मात्र ही उणीव दिसत नाही. २०१९च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित, म्हणजे प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा अभ्यासक्रम लागू झाला, पहिल्या वर्षापासून रुग्णांशी ओळख सुरू झाली, केलेल्या कामाची नोंद ठेवणारे लॉगबुक आले, आणि वृत्ती, नीतिमूल्ये व संवादकौशल्य यांसाठी ‘एटकॉम’ नावाचा स्वतंत्र भाग आला. ही पावले मला मनापासून पटतात. मेंटॉर, म्हणजे विद्यार्थ्याला सोबत करणारा मार्गदर्शक डॉक्टर, नेमण्याची पद्धतही आता अनेक महाविद्यालयांत रुळली आहे. परंतु प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काय होते, तर यादी फलकावर लागते, एका सभागृहात ओळखीची बैठक होते, फॉर्मवर दोघांच्या सह्या होतात, आणि त्यानंतर मेंटॉरचे बोलावणे येते ते थिअरीची हजेरी ७५ टक्क्यांच्या किंवा प्रात्यक्षिकांची ८० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच. मग मेंटॉर म्हणजे खुलासा मागणारी व्यक्ती, असे मुलांच्या मनात पक्के बसते. त्यात मुलांचा काही दोष आहे असे मला वाटत नाही.

याच्या मुळाशी आपल्या शिक्षणाची रचना आहे. दुसऱ्या वर्षापासून क्लिनिकल पोस्टिंग सुरू होतात आणि मुले काही आठवड्यांसाठी मेडिसिनला, मग सर्जरीला, मग स्त्रीरोगाला, मग बालरोगाला अशी फिरत राहतात. प्रत्येक युनिटचे डॉक्टर त्यांना तेवढ्याच दिवसांपुरते पाहतात. अमुक मुलगी राऊंडला गप्प असते, एवढे त्यांना दिसते. पण ती मुळात गप्प स्वभावाची आहे, की मागच्या पोस्टिंगमध्ये सगळ्यांसमोर झालेल्या अपमानानंतर गप्प झाली, हे कळायला ती आधी पाहिलेली असावी लागते. विषयाचे ज्ञान तुकड्यातुकड्यांनी देता येते, माणूस मात्र सलगच पाहावा लागतो.

हे नुसते तात्त्विक वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगते. तुर्भ्याच्या एमआयडीसीत काम करणारे एक मध्यमवयीन गृहस्थ तापाने आमच्या वॉर्डात दाखल होते. माझ्याकडे मेंटी म्हणून, म्हणजे माझ्या मार्गदर्शनाखाली असलेला एक विद्यार्थी त्यांचे पोट तपासत होता आणि मी दोन खाटा सोडून उभी होते. तो उभ्यानेच वाकला, हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला आणि आपल्या बोटांकडे पाहत दाबू लागला. रुग्णाने डोळे मिटून ओठ आवळले, ते त्याला दिसले नाही. “प्लीहा लागत नाही,” असे त्याने केस मांडताना सांगितले; प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांआडचा अवयव, जो वाढला तरच हाताला लागतो. मी तिथे काही बोलले नाही. नंतर बेसिनपाशी हात धुताना मी त्याला विचारले, “तू हात ठेवलास तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता?” तो थांबला आणि म्हणाला, “मी पाहिलाच नाही, मॅडम.” पुन्हा तपासायला गेलास तर सुरुवात कुठून करशील, असे विचारल्यावर त्याने क्षणभर विचार करून स्वतःच सांगितले, की पोटाच्या उजव्या बाजूला खालून. प्लीहा वाढते ती तिरकी, उजव्या मांडीच्या दिशेने खाली उतरत; हे त्याने वाचलेले होते, पाठही होते, फक्त हातापर्यंत पोहोचलेले नव्हते. तो परत गेला, स्टूल ओढून बसला, तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि “मामा, आणखी एकदा बघू का?” असे विचारून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत हळूहळू वर सरकत गेला. रुग्णाने खोल श्वास घेतला तशी प्लीहेची कड त्याच्या बोटाला लागली.

हेच मी त्याला भर वॉर्डात ओरडून सांगितले असते, तर तेवढ्यापुरते तेही चालले असते. परंतु त्याचा खरा फायदा मला पुढच्या वर्षी दिसला. सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये रुग्ण तपासून केस मांडताना चूक झाल्याचे त्याने मला सांगितले तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, “बसला होतास की उभा होतास?” घाई झाली की तो उभ्याने तपासतो आणि उभ्याने तपासले की चेहरा पाहायचा राहून जातो, हे मला माहीत होते; आणि आता त्यालाही माहीत आहे. नव्या युनिटच्या डॉक्टरांना हे कळायला त्यांची पोस्टिंग पुरली नसती.

अशा मार्गदर्शनात दोन वेगवेगळी कामे आहेत आणि दोन्ही हवीत. एकात अनुभवी डॉक्टर आपण कसे घडलो ते सांगतो, वाटा दाखवतो, ओळखी करून देतो. दुसऱ्यात तो स्वतःचे फारसे सांगत नाही. विद्यार्थी काय करतो ते शांतपणे पाहतो, जे पाहिले तेच त्याच्यासमोर ठेवतो आणि पुढचे पाऊल त्याचे त्याला ठरवू देतो. आपल्याकडे पहिले काम थोडेफार होते, दुसरे जवळजवळ होतच नाही, कारण पाहायला वेळ लागतो. मूळ विदर्भातल्या कुटुंबातले अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गवांदे यांनी अनेक वर्षांच्या यशस्वी प्रॅक्टिसनंतर आपल्या निवृत्त शिक्षकांना शस्त्रक्रियागृहात बोलावून घेतले आणि एका कोपऱ्यात उभे राहून फक्त पाहायला सांगितले. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. तरीही कोपर वर उचलला जातो आणि दिव्याचा झोत जखमेवरून सरकलेला असतो, अशा गोष्टी त्या शिक्षकांनी टिपल्या. इतक्या अनुभवी शल्यविशारदाला जे उपयोगी पडले, ते पोट तपासायला नुकत्याच शिकणाऱ्या मुलाला किती पडेल!

माझा आग्रह आहे तो आणखी एका गोष्टीसाठी. जो डॉक्टर विद्यार्थ्याचा मेंटॉर आहे, त्याच्या हातात त्या विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण नसावेत. जो गुण देणार आहे त्याच्याकडे “मला ईसीजी वाचता येत नाही” असे कोणी कबूल करत नाही. ते लपवले जाते, आणि लपवलेले अज्ञान इंटर्नशिपमध्ये रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उघडे पडते. आपल्या ठाणे जिल्ह्याशी ज्यांचे नाते आहे त्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. तिथे कॉलेजच्या डीन रेचल बॉडली त्यांच्या पाठीशी होत्याच. पण न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाई, ज्यांच्याशी आनंदीबाईंचा पत्रव्यवहार भारतात असल्यापासून होता, त्या परीक्षेशी काहीही संबंध नसलेल्या होत्या. परक्या देशातली थंडी, आजारपण, एकटेपण हे सारे मोकळेपणाने बोलायला असे माणूस लागते.

एकटेपण आजही कमी नाही. नांदेड, धुळे, बीड अशा भागांतून मुले नेरूळ-कामोठ्याच्या नाहीतर कळव्याच्या होस्टेलवर येतात, बारावीपर्यंत पहिल्या पाचांत असलेली मुले इथे पहिल्याच टर्मिनल परीक्षेत नापास होतात, आणि ते घरी सांगायचे कसे या विवंचनेत खोलीबाहेर पडेनाशी होतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली दिलेल्या अहवालातील ऑनलाइन पाहणीत, उत्तरे देणाऱ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे नोंदवले. मेंटॉरने मानसोपचारतज्ज्ञ होऊ नये, तसा प्रयत्नही करू नये. विद्यार्थी नीट झोपत नाही, जेवत नाही, मित्रांना टाळतो हे वेळेत ओळखून त्याला मानसोपचार विभागात स्वतः घेऊन जाणे, आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या मोबाईलमध्ये असल्याची खात्री करणे, एवढे त्याचे काम. तेवढे करण्यासाठीसुद्धा तो विद्यार्थी एरवी कसा असतो, हे ठाऊक असावे लागते.

इंटर्नशिपच्या वर्षात ही सोबत सर्वांत पातळ होते. पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेची टांगती तलवार असल्यामुळे इंटर्न वॉर्डात हजर असतात ते शरीराने, आणि मन मोबाईलवरच्या प्रश्नसंचात असते. त्यांना रागावून उपयोग नाही, जागा मोजक्या आहेत आणि त्यांची धास्ती खरी आहे. पण याच वर्षी त्यांना मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगावी लागते, पहिले टाके घालावे लागतात, आणि कोणती शाखा घ्यायची ते ठरवावे लागते. शाखेचा निर्णय निव्वळ रँकवर सोडून द्यायचा नसेल, तर त्या मुलाचे हात कुठे रमतात आणि कुठे थकतात हे सांगणारा कोणीतरी हवा.

त्यामुळे मी विभागात ज्या मागण्या मांडल्या आहेत त्या अगदी साध्या आहेत. एका डॉक्टरकडे चार-पाचच मेंटी असावेत आणि ते इंटर्नशिप संपेपर्यंत तेच राहावेत. दर महिन्याचा एक तास वेळापत्रकात छापलेला असावा आणि तो ड्यूटीत धरला जावा. वर्षातून निदान दोनदा मेंटॉरने विद्यार्थ्याला रुग्णासोबत काम करताना प्रत्यक्ष पाहावे. अंतर्गत गुणांचे काम दुसऱ्याकडे असावे. शिक्षक कमी पडतात हा आक्षेप रास्त आहे, म्हणून नौपाडा, कोपरी, वाशी, ऐरोली इथल्या अनुभवी फॅमिली डॉक्टरांना यात घ्यावे असे मी सुचवले आहे. तीन-तीन पिढ्यांना तपासणाऱ्या या डॉक्टरांकडे जे शहाणपण आहे, त्याचा वैद्यकीय महाविद्यालयांशी आज काहीच संबंध येत नाही. दोघा-तिघांशी मी बोलले, तेव्हा संध्याकाळच्या ओपीडीत एका विद्यार्थ्याला शेजारी बसवून घ्यायला ते आनंदाने तयार झाले. त्यांची अट एवढीच होती, की दर वेळी नवा विद्यार्थी पाठवू नका, एकच पाठवा आणि तो डॉक्टर होईपर्यंत पाठवत राहा.