पैठणीला कात्री लावावी का?

धाकट्या भाचीचे लग्न ठरले, तेव्हा गौरीहर पुजताना नेसायची पिवळी साडी मामाकडून येणार हे उघडच होते. प्रश्न होता सप्तपदीच्या पैठणीचा. "मावशी, मला नऊवारीच हवी, पण शिवलेली," असे तिने सांगून टाकले आणि आम्ही तिघी येवल्याला गेलो. पैठणीचे नाव गोदाकाठच्या पैठणचे असले, तरी आज तिचे माग मोठ्या संख्येने चालतात ते नाशिक जिल्ह्यातल्या या गावात.

तिथल्या विणकराने साडी उलगडली आणि रंगाविषयी काही बोलण्याआधी पदर उलटून दाखवला. हातमागावरच्या पदरात मोर, मुनिया (म्हणजे पोपट) किंवा आसावलीची वेल यांतला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने हाताने भरलेला असतो आणि तो शेजारच्या रंगाशी विणीतच अडकवलेला असल्यामुळे मागूनही नक्षी तितकीच स्वच्छ दिसते. जॅकार्डच्या, म्हणजे यंत्राने नक्षी उठवलेल्या साडीला मात्र मागे सुटे किंवा कापलेले धागे आढळतात. पैठणीची किंमत मुख्यतः या पदराच्या कामावर चढते, म्हणूनच भरगच्च पदराच्या नकलेपेक्षा नारळी काठाची, बेताच्या पदराची अस्सल साडी घ्यावी, असे मी तिला सुचवले.

खरी अडचण पुढेच होती. समोर मांडलेल्या पैठण्या सहावारी, म्हणजे सुमारे साडेपाच मीटरच्या होत्या. नऊवारीला सव्वाआठ मीटर लागतात आणि तेवढी लांब साडी सांगून विणून घ्यायची, तर ती लग्नाच्या तारखेपर्यंत हाती येत नव्हती. शिवाय शिवायची म्हटली की काष्टा, निऱ्या आणि पदर यांसाठी ती कापावी लागते, आणि एकदा कापलेली पैठणी ना दुसऱ्या कुणाच्या अंगाला बसते, ना साधी साडी म्हणून पुन्हा नेसता येते. माझ्या आजीची पैठणी आमच्या घरातल्या तीन नवऱ्या मुली नेसल्या, त्या तिघींच्या उंचीत चांगला वीतभर फरक असूनही. (साडी शिवून घेणे सोयीचे असते, हे मला मान्य आहे, लग्नघाईत काष्टा घालून द्यायला जाणती बाई मिळेलच असे नाही.)

शेवटी भाचीने जांभळ्या अंगाची, लाल काठाची सहावारी पैठणी सप्तपदीसाठी घेतली. शिवलेल्या नऊवारीचा हट्ट तिने सोडला नाही, पण ती सेमी सिल्कची घेतली आणि स्वागत समारंभाला नेसणार, खरे तर घालणार आहे.