पादोव्हाच्या मंडईत, हात मागे बांधून

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस बघून झालं. फोटो भरपूर आहेत, पाय भरपूर दुखले. त्याबद्दल तुम्ही आधीच इतकं वाचलं असेल की मी आणखी भर घालत नाही. लिहायचंय ते एका मंगळवारच्या सकाळबद्दल, कारण त्या सकाळी माझा भर बाजारात अपमान झाला.

मुलगी पादोव्हाच्या विद्यापीठात पीएचडी करते. जुलैमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो होतो. सोमवारी रात्री ती म्हणाली, "बाबा, उद्या मला लॅबमधून निघता येणार नाही. बाजार करून आणाल? आणि एक स्टँप?" हा काय विचारायचा प्रश्न झाला! पुण्याच्या मंडईत चाळीस वर्षं भाजी निवडलेला माणूस मी. भेंडीचं टोक मोडून बघायचं, वांगं हातात तोलायचं, कलिंगडावर टिचकी मारायची. हिचा गुडघा व्हेनिसच्या पुलांनी धरला होता, म्हणून ती घरीच राहिली. मी पिशवी घेऊन एकटाच निघालो.

साडेआठलाच औषधाच्या दुकानावरचा हिरवा क्रॉस 29 अंश दाखवत होता. हवा दमट, मुंबईची आठवण यावी अशी. सुदैवाने या गावात रस्त्यांच्या कडेने कमानींच्या पडव्या आहेत, त्यामुळे अर्धं गाव सावलीतून चालता येतं. बाजार दोन चौकांत भरतो, पियात्सा देल्ले एर्बे आणि पियात्सा देल्ला फ्रुत्ता. दोन्हींच्या मधोमध पलाझ्झो देल्ला राजोने ही प्रचंड इमारत आहे. काम 1219 मध्ये पुरं झालं, वर न्यायालय आणि खाली गाळे. आपल्या मंडईची इमारत 1886ची, आणि तिचं आपल्याला केवढं कौतुक! इथे खालच्या गाळ्यांत अजूनही चीज, मासे, मांस विकतात. एका गाळ्यात दोऱ्यासारखं पिंजलेलं लालसर काहीतरी होतं. मोबाइलवर शब्द बघितला, तर घोड्याचं मांस. तिथून जरा भराभर पुढे सरकलो.

मग टोमॅटो. लंबुळके, लालबुंद, देठासकट रचलेले. मी सवयीने एक उचलला, अंगठ्याने हलकेच दाबला, ठेवला, दुसरा उचलला. तेवढ्यात गाळेवाला पलीकडून ओरडला. शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्याने माझ्या हातातला टोमॅटो अक्षरशः काढून घेतला, पुन्हा रचला आणि तर्जनी नाकासमोर हलवली. मागे उभ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. साठी उलटल्यावर टोमॅटोसाठी कुणी दटावेल असं वाटलं नव्हतं. काहीही न घेता मी तिथून निघालो, कान तापलेले.

रागाच्या भरात स्टँपचं काम उरकायला गेलो. हा स्टँप पत्रावर लावायचा नाही, सरकारी कागदावर लावायचा. तो पानपट्टीवजा दुकानात मिळतो, दारावर मोठा 'टी' असतो. पहिल्या दुकानातलं यंत्र बंद. दुसऱ्यात मिळाला, किंमत सोळा युरो, म्हणजे दीड हजार रुपयांच्या वर, आणि हातात आला बोटभर चिकट कागद. आपला रेव्हेन्यू स्टँप एक रुपयाचा असतो हो!

परत येताना मुलीने आदल्या आठवड्यात दाखवलेली कमान लागली, दोरीची कमान. खोटं बोलणाऱ्याला, फसवणाऱ्याला इथे दोरीचे फटके बसत म्हणे. तिथेच भिंतीत पांढऱ्या दगडावर जुनी मापं कोरलेली आहेत. वीट एवढी हवी, कौल एवढं हवं, कापडाचा हात एवढा, धान्याचं माप एवढं. मापात पाप होऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त! मी मनात म्हटलं, मापाची एवढी काळजी, आणि गिऱ्हाइकाला साधा टोमॅटो दाबू देत नाहीत.

पण यादी तशीच होती. दीड वाजता बाजार उठतो आणि दुकानंही दुपारची बंद होतात, तेव्हा फुगून बसून चालणार नव्हतं. यावेळी एका म्हाताऱ्या बाईंच्या गाळ्यावर गेलो. हात मागे बांधले, शाळेत उभं करतात तसे. पीचकडे हनुवटीने खूण केली आणि सहा बोटं दाखवली. त्यांनी काहीतरी विचारलं. मी नुसता हसलो. त्यांनी पायाखालची जमीन दाखवली, "ओज्जी?" मग हात खांद्यापुढून गोल फिरवला, "दोमानी?" आज की उद्या? आयुष्यात कुठल्या भाजीवाल्याने मला हे विचारलं नव्हतं. तीन आज, तीन परवा, असं मी बोटांनी आणि हातवाऱ्यांनी सांगितलं.

बाईंनी एकेक पीच उचलून देठाकडून हुंगलं. एक परत ठेवलं, मागच्या पेटीतून दुसरं काढलं. तीन एका कागदी पिशवीत, तीन दुसऱ्यात, आणि दुसरीवर कानामागचं पेन काढून काहीतरी लिहिलं. खरबुजाचंही तसंच. कधी खाणार, दुपारी की रात्री? टोमॅटो कशाला, कच्चे की शिजवायला? त्या विचारत गेल्या आणि मी परीक्षेला बसल्यासारखा उत्तरं देत गेलो. शेवटी पार्स्लेची मूठ आणि बेसिलच्या दोन काड्या पिशवीत कोंबल्या. मी पैसे पुढे केले तर हात झटकला. ही भाषा मला बरोबर कळली. आमच्याकडे चार मिरच्या आणि कोथिंबीर अशीच येते.

जाता जाता चीजच्या गाळ्यात मात्र फसलो. पाटीवर 2,80 बघून स्वस्त वाटलं आणि मोठा तुकडा दाखवला. पाटीवर बारीक अक्षरात 'एत्तो' होतं, म्हणजे शंभर ग्रॅमचा भाव. तो तुकडा आम्ही आठ दिवस पोळीबरोबर खाल्ला. कमानीखाली ज्यांनी मापं कोरली त्यांनी हेही कोरायला हवं होतं.

घरी पोचलो तेव्हा क्रॉसवर 34. तुळशीची बहीण म्हणून हिने बेसिल वेगळी धुऊन ठेवली. दुपारचं खरबूज नेमकं पिकलेलं निघालं, तीन पीचही. इतकी की रात्री जेवण झाल्यावर मला राहवलं नाही. फ्रीजवरची दुसरी पिशवी उघडून एक खाल्लं. करकरीत, तुरट, दात शिवशिवले.

मुलीने पिशवी उलटीपालटी करून बघितली. "बाबा, यावर जोव्हेदी लिहिलंय. गुरुवार."

आतून हिचा आवाज आला, "मंडईतून पेरूही ते असेच कच्चे आणतात."