तुम्ही विचारलंत म्हणून: भाजकच माहीत नाही तर संयुक्त कशावरून?

लग्नात, एसटीत, पालकसभेत, परवा तर तेराव्याच्या पंगतीत पण एकाने विचारलं, की सर ती तुमची 385 अंकी संख्या, कशानेच भाग जात नाही म्हणता, मग मूळ संख्याच झाली ना? नाही हो. कशानेच जात नाही असं मी कधी म्हटलो? भाग जातो, पण कशाने जातो ते अजून जगात कोणाला सापडलेलं नाही.

ती संख्या म्हणजे दोनचा 1277 वा घात, वजा एक. अशी संख्या मूळ की संयुक्त हे भाजक न शोधता ठरवायची एक कसोटी आहे. 4 घ्यायचे, वर्ग, त्यातून 2 वजा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, परत वर्ग. असं 1275 वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर मूळ, नाही आली तर संयुक्त. इथे नाही आली. पटत नसेल तर दोनचा 11 वा घात वजा एक, म्हणजे 2047 घ्या, तिथे 9 वेळाच करायचंय, शेवटी 1736 उरतात. म्हणजे संयुक्त, आणि आहेच, 23 गुणिले 89. पण 23 आणि 89 त्या आकडेमोडीत कुठेच दिसत नाहीत. लॅक्टोमीटर दुधात पाणी आहे एवढं सांगतो, कोणाच्या विहिरीचं ते सांगतो का?

आता ते फळ्याचं. अमळनेरला क्लास नवीन काढला तेव्हा पालकांसमोर काहीतरी भारी करून दाखवायचं होतं. दोनचा 67 वा घात वजा एक, ही संयुक्त आहे हे फ्रेंच गणिती ल्युकाने 1876 ला दाखवलं, भाजक मात्र 1903 मध्ये अमेरिकन गणिती कोलने न्यूयॉर्कला मांडले, आणि म्हणे एक शब्द न बोलता फळ्यावर नुसता गुणाकार केला. मला तेच करायचं होतं. एका बाजूला 147573952589676412927 लिहून ठेवली आणि 761838257287 गुणिले 193707721 सुरू केलं, तोंड बंद, आठ ओळी, हात खडूने पांढरा, मागच्या बाकावर आबा कापूस विक्रीला घालून थेट आलेले, टोपी मांडीवर. बेरीज संपली आणि लाखाच्या घरात 4 पाहिजे तिथे माझे 3. मी वरखाली बघतोय, सापडेना. पहिल्या बाकावरची आठवीतली पोरगी म्हणते, सर दोन्ही भाजकांच्या अंकांची बेरीज करत गेलं तर 1 उरतो, गुणाकाराचा पण 1 यायला पाहिजे, तुमचे 9 येतात, हातचा राहिला. सगळे हसले. पोरगीचं बरोबर होतं, हे जास्त लागलं.

रात्री जेवताना आबा एवढंच बोलले, "हातनं सोडीसन पयताना मांगे." म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या मागे. त्यांना मी सोडलेली नोकरी म्हणायची होती का फळ्यावरचा हातचा, मी विचारलं नाही.

हां, उपयोग काय हा दुसरा प्रश्न. पूर्वी मी छातीठोक सांगायचो की बँकेचं, यूपीआयचं सगळं कुलूप मोठ्या संख्यांवरच आहे. ती पळवाट होती. मोठ्या संख्या फोडायला अवघड असतात यावर काही कुलपं उभी आहेत हे खरं, पण माझ्या 1277 चा भाजक उद्या सापडला तर कोणाच्या खात्यातला एक रुपया हलणार नाही. आणि पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे, आपल्या मातीतच गणित आहे, असंही मी बोलून बसलोय. माती बिती काही नाही. मला ते पाहिजे, बस.

क्लासमधला जुना कॉम्प्युटर रात्रभर भाजक शोधतो, बिल मी भरतो. मला सापडायची शक्यता जवळपास शून्य, हे मला कळतं. पण 1061 व्या घाताची 320 अंकी संख्या 2012 मध्ये फुटलीच ना. ही त्याहून किती तरी अवघड, ते पण कळतं. भाजक जो असेल तो 2554 च्या पाढ्यातल्या कुठल्या तरी संख्येत एक मिळवून येणार, एवढं पक्कं आहे, आणि पाढा काही संपत नाही.

काल रात्री लाईट गेली होती. सकाळी सहाला जाऊन परत चालू केला, बायको म्हणाली आधी दूध तरी आणा.