माझा अनुभव: जुना जीपीएस आणि आयएफआरची चेकराइड

कॅलिफोर्नियात वैमानिकाचं लायसन्स मिळाल्यावर मी इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या मागे लागले. ढगात शिरून, बाहेरचं काही न दिसता नुसत्या उपकरणांवर उडायची ही परवानगी. उडणं हळूहळू जमलं. घाम फोडला तो एका प्रश्नाने: या विमानातला जीपीएस आयएफआरला, म्हणजे अशा उपकरणांवरच्या उड्डाणाला, चालतो का, आणि कशावरून?

क्लबात दोन सेस्ना १७२ शेजारी उभ्या असत, दोन्हींत जीपीएस. एकीच्या पॅनलवर चिकटवलेली पट्टी सांगायची, फक्त व्हीएफआरसाठी, म्हणजे बाहेर बघून उडण्यासाठी. आयएफआरला चालणाऱ्या दुसरीत फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी होती. इन्स्ट्रक्टरने आधी ती हातात ठेवली, यंत्र नंतर सुरू केलं. कुठल्या मानकाचं, कुठल्या अप्रोचला (धावपट्टीकडे उतरायच्या ठरलेल्या मार्गाला) मंजूर, सगळं तिच्यात. माझ्या आयपॅडवरचा नकाशा कितीतरी देखणा, पण आयएफआरमध्ये त्याच्या भरवशावर दिशा धरता येत नाही.

आमचं यंत्र टीएसओ-सी१२९ या १९९२च्या मानकातलं. २००३ साली अमेरिकेत वॉस सुरू झालं. ते जीपीएसच्या चुका दुरुस्त करतं आणि उपग्रहावर भरवसा ठेवायचा की नाही हेही कळवतं (भारतातलं गगन याच जातीचं). आमच्या डब्याला ते ऐकूच येत नाही. म्हणून नियम असा की सोबत दुसरं मंजूर, चालू साधन हवंच. आमच्याकडे व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून दिशा दाखवणारा रिसीव्हर) होता, आणि त्याची तपासणी गेल्या ३० दिवसांत झाल्याची सहीनिशी नोंद लागते.

शिवाय रेम, म्हणजे उपग्रह खोटं बोलत नाहीत ना हे यंत्राने स्वतःच तपासणं. जागा कळायला चार उपग्रह पुरतात, पण चौघांच्या हिशोबात एकाने थाप मारली तर पत्ता लागत नाही. पाचवा बसला की बेरीज जुळेनाशी होते. थापाड्याला ओळखून बाहेर काढायला सहावा लागतो. पोहोचायच्या वेळी पुरेसे उपग्रह असतील का, हे निघण्यापूर्वीच बघायचं. यंत्रातला मार्ग-बिंदूंचा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो. अप्रोच त्यातूनच उचलायचा, बिंदू हाताने भरायचे नाहीत.

खरी परीक्षा अप्रोचवर. शेवटच्या उताराचा बिंदू दोन मैलांवर आला की पडद्यावर ‘टर्म’ (विमानतळाच्या परिसरातली अवस्था) जाऊन ‘एपीआर’ (अप्रोचची अवस्था) यायला हवं, आणि मार्गापासून बाजूला सरकल्याचं दाखवणाऱ्या सुईची मर्यादा एका मैलावरून ०.३ मैलावर आवळत जाते. ‘एपीआर’ आलं नाही तर खाली उतरायचं नाही. तीच उंची धरून मिस्ड अप्रोचच्या (उतरणं सोडून पुन्हा वर जायच्या) बिंदूपर्यंत जायचं आणि कंट्रोलरला सांगायचं. उतार सुरू झाल्यावर इशारा आला तर लगेच वर. डोळ्यांवर बाहेरचं दिसू न देणारं हूड, सुई अगदी मधोमध, आणि तरी उतरायचं नाही! हात आपोआप थ्रॉटलकडे जातो. हे मला पाठ करून आलं नाही, पुन्हापुन्हा उडूनच आलं.

चेकराइडच्या, म्हणजे रेटिंगच्या शेवटच्या परीक्षेच्या, तोंडी भागात एग्झामिनरने पोहोचायचा विमानतळ म्हणून लिव्हरमोर दिलं. पोहोचायच्या वेळेच्या तासभर आगेमागे ढग २,००० फुटांखाली, म्हणजे पर्यायी विमानतळ आलाच. मी स्टॉकटन सांगितलं: लिव्हरमोरला जीपीएसवर, स्टॉकटनला आयएलएसवर (धावपट्टीजवळून रेडिओने उताराची वाट दाखवणारी यंत्रणा). असल्या जुन्या यंत्रावर दोन्हीकडे जीपीएसचा भरवसा धरून प्लॅन भरता येत नाही. “स्टॉकटनचं आयएलएस बंद असेल तर?” मग उलटं करायचं. लिव्हरमोरला आयएलएस आहेच, स्टॉकटनला जीपीएस, आणि रेम तिथल्या वेळेचा बघायचा. त्याने मान हलवली आणि हवामानाकडे वळला. तोंडी आणि उडणं, दोन्ही पार पडलं.

हल्ली वॉसवालं विमान मिळतं. त्यात दुसऱ्या साधनाची सक्ती नाही. तरी मी व्हीओआरची तपासणी करून नोंद ठेवते. चायना लेककडच्या वाळवंटात लष्कर मुद्दाम जीपीएस बिघडवण्याच्या चाचण्या घेतं, त्यांचे नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) निघतात, आणि दक्षिणेकडे जायचं असलं की मी आधी तेच उघडते.