झीरो झीरो टू

चाळिशी ओलांडली की आपल्याकडे माणसाला कोणी ‘खेळ’ म्हणत नाही, ‘व्यायाम कर’ म्हणतात. डॉक्टर सांगतात रोज पाऊण तास चाला, मुलगी म्हणते आई योगाचा क्लास लाव, भाऊ जिमची वर्षाची फी एकदम भरली तर किती सूट मिळते ते कळवतो. सगळे भल्याचंच सांगतात. पण चालण्यात कोणी जिंकत नाही आणि सूर्यनमस्कार घालताना कोणाशी भांडता येत नाही. गुडघे, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या धाकानं केलेली गोष्ट अंगाला लागतही असेल, पण दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या ती आठवून कोणी गालात हसत नाही.

पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टावर बॅटीसारख्या पॅडलनं प्लॅस्टिकचा बॉल नेटपलीकडे मारायचा खेळ, आमच्या भागात एवढा फोफावला तो यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात बाणेर-वाकडकडे जिथे फुटबॉलची टर्फं होती तिथे आता निळ्या-हिरव्या रंगाची छोटी कोर्टं आखली आहेत आणि संध्याकाळी त्यांच्याबाहेर आपल्या पाळीची वाट बघत माणसं बसलेली असतात. त्यात कॉलेजची पोरं आहेत, आयटीतली जोडपी आहेत, आणि पेन्शनीतले काकाही आहेत. ‘फिटनेससाठी येतो,’ असं सगळे म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. फिटनेससाठी येणारा माणूस नऊ-अकरानं हरल्यावर ‘अजून एक, शेवटचा’ म्हणून थांबून राहत नाही.

खेळाचा जन्मही अशाच रिकामपणी झाला. १९६५चा उन्हाळा, अमेरिकेत सिएटलजवळचं बेनब्रिज बेट. जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल गोल्फ खेळून घरी आले, तर घरची मंडळी कंटाळून बसलेली. आवारात बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं, पण फूल काही सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं असलेला प्लॅस्टिकचा बॉल घेऊन त्यांनी भागवलं. बॉल छान टप्पा घेतोय म्हटल्यावर नेट खाली आणून छत्तीस इंचांवर बांधलं. बार्नी मॅक्कलम या तिसऱ्या मित्रानं प्लायवूड कापून पॅडल केली आणि तिघांनी मिळून नियम बसवले. घरात असेल त्यात भागवायचं ही विद्या फक्त आपल्याकडेच आहे असं मला उगाच वाटत होतं.

कोर्ट मात्र बॅडमिंटनचंच राहिलं. ४४ फूट बाय २० फूट, इंचाचाही फरक नाही. आणि बॅडमिंटनचं म्हणाल तर १८७०च्या सुमारास इथल्या लष्करातले इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्या खेळालाच ‘पूना’ म्हणत. त्यामुळे हा अमेरिकन खेळ आहे असं कोणी म्हणालं, की आमच्यातला एखादा अस्सल पुणेकर ‘कोर्ट आमचंच आहे’ एवढं ऐकवून मोकळा होतो. मोजमापं नंतर ठरली, हा तपशील तो अर्थातच सांगत नाही.

गंमत म्हणजे धागा तिथेच संपत नाही. २०२५च्या जानेवारीत मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर वर्ल्ड पिकलबॉल लीग सुरू झाली. ती उभी करणारे गौरव नाटेकर टेनिसमधले, आणि आपल्या नंदू नाटेकरांचे चिरंजीव. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात जाऊन बॅडमिंटनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तशी ती जिंकणारे ते पहिले भारतीय. वडिलांचं कोर्ट आणि मुलाचा खेळ. लीगमधला पुणे युनायटेड हा संघ रितेश देशमुख आणि जिनिलिया यांचा, त्यामुळे आमच्या भिशीतल्या बायकांनाही एकाएकी पिकलबॉलमधलं कळू लागलं.

पण हे सगळं चकचकीत प्रकरण अलीकडचं. त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या सुनील वालावलकरांनी हा खेळ कॅनडात पाहिला, इकडे आणला आणि २००८ साली त्याची अखिल भारतीय संघटना काढली. तेव्हा हे नाव ऐकून लोक हसत असणार. पुढची दहाएक वर्षं मोजक्या लोकांनी तो मोजक्या ठिकाणी चिकाटीनं टिकवला. कोविडनंतर माणसांना मोकळ्या हवेत, थोड्या अंतरावरून का होईना, एकमेकांची तोंडं बघायची होती आणि मग तो सुटलाच. अमेरिकेत २०२४ साली खेळणाऱ्यांचा आकडा दोन कोटींच्या घरात गेला. आपल्याकडे खेळ मोठा झाल्याची खूण वेगळी असते. संघटना दोन झाल्या, आणि २०२५मध्ये केंद्र सरकारनं मान्यता दिली ती दुसरीला.

आता हा खेळ कोणालाही लगेच जमतो तो का, हे कळायला एकदा कोर्टाशेजारी उभं राहावं. सर्व्हिस खालून करायची, कमरेच्या वर बॉल मारायचा नाही, म्हणजे टेनिससारखा सर्व्हिसचाच तोफखाना नाही. सर्व्हिस आली की समोरच्यानं टप्पा पडू द्यायचा, त्यानं परतवलेला बॉल आला की आपणही टप्पा पडू द्यायचा. तेवढ्या वेळात निम्मे धापा टाकणारे सावरून घेतात. आणि नेटला लागून दोन्हीकडे सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्यात उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारायचा नाही. टप्पा पडला तर खुशाल आत जा, नाहीतर रेघेबाहेर थांबा. तरुण पोरांनी नेटवर चढून धडाधड स्मॅश मारावेत आणि बाकीच्यांनी बॉल वेचत फिरावं, ही बॅडमिंटनमधली रीत या सात फुटांनी बंद पाडली.

आमच्या ग्रुपमध्ये एक काकू आहेत. पासष्टीच्या पुढच्या, पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. त्या किचनच्या रेघेमागे उभ्या राहतात आणि तिथून सहसा हलत नाहीत. समोर एखादा जिममध्ये कमावलेला मुलगा सगळा जोर लावून मारतो. काकू नुसतं पॅडल पुढे धरतात, मनगट सैल. बॉल पॅडलवर येतो, त्याचा सगळा जीव जातो आणि तो नेटच्या वरून जेमतेम उतरून पलीकडच्या किचनमध्ये पडतो. मुलगा धावत येतो, वाकतो, उचलून देतो. काकू पुन्हा तसाच टाकतात, या वेळी उलट्या कोपऱ्यात. असे चार-पाच झाले की मुलाचा धीर सुटतो आणि तो नेटमध्ये मारतो. काकू शांतपणे ‘चार, दोन, एक’ असा स्कोअर पुकारतात. या हळू टाकण्याला डिंक म्हणतात. त्यात वय आड येत नाही. उलट मला तर वाटतं, चाळीस वर्षं एकत्र कुटुंबात काढलेल्या माणसाला तो जरा लवकर जमतो.

स्कोअर हा स्वतंत्र ताप आहे. डबल्समध्ये तीन आकडे म्हणायचे असतात. आपले गुण, त्यांचे गुण आणि आपल्यातला सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळतात, प्रत्येक बाजूच्या दोघांनाही सर्व्हिस मिळते, पण सामना सुरू करणाऱ्या बाजूला पहिल्या खेपेस एकच, आणि तो दुसरा धरतात. म्हणून खेळ सुरू होताना ‘झीरो झीरो टू’ म्हणतात. हे सगळं नव्या माणसाला एका दमात समजावणारा मला अजून भेटायचा आहे. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते दोन कोर्टांचा स्कोअर एका वेळी डोक्यात ठेवतात. त्यांची मुलगी म्हणते, बाबा घरी दुधाचा हिशोब विसरतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो रेषेचा नियम. आमच्यासारख्यांच्या खेळात पंच नसतो. बॉल ज्यांच्या बाजूला पडला त्यांनीच तो आत की बाहेर ते सांगायचं, आणि नक्की दिसलं नसेल तर कौल समोरच्याच्या बाजूनं द्यायचा. वाचायला हा नियम किती सोज्वळ वाटतो! प्रत्यक्षात त्यानं मोठमोठ्यांची परीक्षा घेतली आहे. ज्यांच्या सहीशिवाय एके काळी फाइल पुढे सरकत नव्हती असे गृहस्थ बोटभर आत पडलेल्या बॉलला ‘आऊट! क्लिअर आऊट!’ म्हणून ओरडतात. ‘काका, रडीचा डाव!’ असं नातवाच्या वयाचा मुलगा त्यांना म्हणतो, आणि ते चक्क लाजतात. लगोरी आणि डबा ऐसपैस सुटल्यापासून हा शब्द कोणी त्यांना ऐकवला नसेल.

सगळंच गोड आहे असं नाही. कडक पॅडलवर कडक प्लॅस्टिकचा बॉल आपटला की जो ‘टॉक’ असा आवाज येतो तो बंद खिडकीतूनही आत शिरतो. अमेरिकेत त्यावरून शेजारी कोर्टात गेले, म्हणजे खऱ्या कोर्टात. आपल्याकडे तो विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत येतो. मी ऐकलेल्या अशा एका सभेत तक्रारदाराची बाजू मला मनापासून पटली. गाड्यांना लागतं, काचा फुटतात, कलकलाट होतो म्हणून ज्या आवारात पोरांचं क्रिकेट बंद केलं, त्याच आवारात आता मोठ्यांनी पट्ट्या मारून कोर्ट आखलं आणि दिवेही लावून घेतले. पोरांनी कुठे जायचं, हा प्रश्न कार्यवृत्तात आला नाही. ‘रात्री नऊनंतर खेळ बंद’ एवढं मात्र आलं.

खर्चाचंही तसंच. दीड हजाराच्या पॅडलवर सुरुवात होते. मग कोणीतरी आपलं कार्बन फायबरचं हातात देऊन ‘बघा, बॉल कसा धरतं’ म्हणतो, आणि वीस हजारांपर्यंत माणूस कधी पोचला ते त्याचं त्यालाही कळत नाही. घरी किंमत सांगताना त्यातला एक शून्य गळतो. खरा खर्च बुटांवर करावा. साध्या चालण्याच्या बुटांचा तळ पुढे जाण्यासाठी केलेला असतो, इथे निम्मं पळणं आडवं. आणि डोक्यावरून बॉल गेला तर पाठीमागे पावलं टाकत जाऊ नये. वळावं, मग पळावं. आमच्यातले जे पडले ते सगळे उलटं पळताना पडले, आणि हात टेकल्यामुळे मनगटं दुखावून बसले. दोघं तर प्लास्टर असतानाही बाकावर येऊन बसत. खेळता येत नाही तर निदान आऊट-इन ओरडता येतं.

एक गोष्ट मात्र नव्यानं येणाऱ्या जोडप्यांना आम्ही आधीच सांगतो. पहिले काही महिने नवरा-बायकोनं एका बाजूला खेळू नये. अडचण मधल्या बॉलची असते. दोघांच्या बरोब्बर मधून येणारा बॉल ज्याचा फोरहँड मधल्या बाजूला आहे त्यानं घ्यायचा, असा साधा संकेत आहे आणि तो सगळ्यांना पाठ असतो. तरी परवा एका दांपत्याच्या मधून बॉल संथपणे निघून गेला. दोघंही जागच्या जागी उभी.

“तुझा होता.”

“माझा कसा? तूच कालपासून म्हणतोयस ना, मधे येऊ नकोस म्हणून!”

बँकेतल्या काकांनी बाकावरून स्कोअर सांगितला.