तुटके मांडे

लिहायला विषय नाही, ही तक्रार बेळगावात तरी टिकायची नाही. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर ज्यांची निम्मी हयात खोळंबून गेली, त्यांच्याकडे विषय नाही? असतो, फक्त तो गोष्ट होऊन येत नाही. 'माझं बालपण' असा मथळा घालून बसलं की पहिल्याच पानावर पेन अडतं. एवढं मोठं पोतं एकदम कुणाला उचलतंय?

एकच वस्तू घ्यावी. समजा, लग्नातला मांडा. पंधरा मिनिटं नुसती नामं आणि क्रियापदं उतरवायची: कणीक तिंबली, हातावर पसरली, उपड्या कढईवर टाकली, पिठीसाखर, खसखस, घडी. 'अप्रतिम', 'मायेचा' असं काही आलं की खोडायचं. तिथं आठवण संपून भाषण सुरू झालेलं असतं. मग विचारायचं: घडी घालणारी बाई स्वतः पंगतीला कधी बसली? तुटके मांडे कुणाच्या पानात गेले? लेख बहुधा तुटक्या मांड्यांतच सापडतो.

फसगत होते ती सालांत. दोन उन्हाळे एकमेकांत मिसळतात, आणि पुष्कळदा आपल्याला प्रसंग नव्हे, अल्बममधला फोटो आठवत असतो. दृश्यात आपण स्वतःच समोरून दिसत असलो, तर संशय घ्यावा. पडताळ्याला खुंट्या भरपूर आहेत. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदललं; तेव्हा १९९८ च्या आठवणीतल्या इंग्रजी पाटीवर 'बेळगावी' असेल, तर ती पाटी नंतर चिकटलेली. बेळगावावरून जाणारा मिरज-लोंढा रेल्वेमार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला. गाडी छोटी होती की मोठी, एवढ्यावरही बरंच कळतं.

संवाद लिहिताना हात आपसूक पुणेरी होतो. आजी 'येतो की गं मी' म्हणायची, तर तिथं 'येते' करू नये. शेजारच्या अक्कांचं कानडीही राहू द्यावं, पण बेतानं, चवीपुरतं.

घरच्यांना विचारायचं ते सगळं लिहून झाल्यावर. आधी विचारलं तर त्यांचीच आठवण आपल्या अक्षरात उतरते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत लागलेला ठसका तुम्ही रंगवून लिहिलेला असतो आणि थोरला भाऊ म्हणतो, 'निपाणी कुठली, संकेश्वरच्या मिरच्या होत्या त्या!' भांडू नये, दोन्ही ठेवावं. ठसक्याबद्दल दोघांचं एकमत आहे ना? मग सुरुवात तिथूनच करावी.