दुसऱ्या वर्षी घसरलेले मार्क

माझी बायको गेली तेव्हा मुलगा तिसरीत होता. थोड्याच दिवसांत तो दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागला. गृहपाठ वेळेवर, मार्क पूर्वीइतकेच. "पोरगं समंजस आहे," असं सगळे म्हणाले आणि मीही तेच धरून चाललो.

घसरण चौथीत सुरू झाली. पाठ असलेले पाढे अडायला लागले. रोज सकाळी पोटात दुखायचं, सुट्टीच्या दिवशी मात्र नाही. मी रागावलो, शिकवणी लावली. दोन्हींचं मला आजही वाईट वाटतं. नव्या बाईंना तर त्याला आई नाही हेच माहीत नव्हतं. तिसरीच्या बाईंना मी सगळं सांगितलं होतं; ते आपोआप पुढच्या वर्गात पोचेल असं धरून बसलो होतो. 'माझी आई' या निबंधाचं कोरं पान घरी आलं तेव्हा डोळे उघडले.

समुपदेशकांना यात नवल वाटलं नाही. वॉर्डन आणि सिल्व्हरमन या अमेरिकी संशोधकांनी आई किंवा वडील गमावलेल्या शाळकरी मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. १९९६ साली त्यांनी मांडलं, की इतर मुलांच्या तुलनेत या मुलांचे त्रास पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त दिसले. म्हणजे आजूबाजूचे लोक विचारपूस थांबवतात, नेमके तेव्हा.

वर्गात मनात काय येतं, असं समुपदेशकांनी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा ठीक असतील ना?" इतके महिने तो बाकावर बसून माझी काळजी करत होता. गणितासाठी डोक्यात जागा कुठून उरणार?

मग मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसमधून मला दोन मिनिटं फोन करायचं ठरलं. रडू आलं तर न विचारता पाणी प्यायला बाहेर जायचं. बाईंनी गृहपाठातली गणितं निम्मी केली. पोटदुखी आधी थांबली. मार्क सावरायला वर्ष गेलं. मध्येच रडून पाच मिनिटांत तो खेळायला पळायचा, ते पूर्वी मला खुपायचं. मुलं दुःख असंच थोडं थोडं घेतात, हे आता समजतं.

पाचवीच्या आधी नव्या शिक्षकांसाठी मी अर्धं पान लिहिलं आणि त्याला वाचायला दिलं. 'तो हळवा आहे' हे वाक्य त्याने खोडलं. खाली लिहिलं : 'मला विचारलं तर मी सांगेन.'